संत रोक आणि भाकर आणणारा श्वान

जुन्या करारांतील लेवीय पुस्तकांत ज्युबिलीचा नियम सांगितला आहे. पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकलें जाई. कर्जापायीं किंवा दारिद्र्यापायीं ज्याची वडिलोपार्जित जमीन हातची गेली असेल, त्यानें त्या वर्षीं आपल्या भूमीकडे व आपल्या कुळाकडे परत जावें, अशी देवाची आज्ञा होती. ज्युबिली म्हणजे मूळ अर्थीं घरीं परतण्याचें वर्ष. त्याच अध्यायांत भूमीच्या विसाव्याच्या वर्षाचाहि नियम आहे. त्या वर्षीं पेरणी करूं नये, आणि आपोआप जें उगवेल तें धन्याला, चाकराला, मजुराला व उपऱ्याला, आणि त्यांच्याबरोबरच गुराढोरांना व रानांतील पशूंना खावयास मिळावें, असें तेथें ठरविलें आहे. घर नसलेला माणूस आणि मुका प्राणी यांची नांवें देवानें एकाच दमांत घेतलीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या या पुस्तिकेंत एखाद्या संताचें चरित्र द्यावें असें ठरलें, तेव्हां आम्हांस संत रोक यांची आठवण झाली. त्यांचें चित्र पुष्कळांनीं पाहिलेलें असेल. अंगावर यात्रेकरूचा झगा, हातीं काठी, टोपीवर किंवा खांद्यावर शिंपला. झग्याची कड वर उचलून ते मांडीवरची जखम दाखवीत आहेत, आणि पायाशीं तोंडांत भाकर धरलेला एक कुत्रा उभा आहे. चित्र ओळखीचें असतें, पण त्यामागची हकीकत फारशी कोणी सांगत नाहीं.

संत रोक यांचा जन्म फ्रान्सच्या दक्षिणेस माँपेल्ये या नगरींत झाला. बाप त्या नगरीचा अधिकारी होता, आणि घरीं संपत्तीला तोटा नव्हता. मातापितरांना पुष्कळ काळ अपत्य नव्हतें. अनेक प्रार्थनांनंतर हा मुलगा झाला, आणि त्याच्या छातीवर जन्मतःच तांबड्या क्रुसाची खूण होती, असें जुनीं चरित्रें सांगतात. फ्रान्चेस्को दिएदो नांवाच्या व्हेनिसच्या एका विद्वान अधिकाऱ्यानें पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत लिहिलेलें चरित्र त्यांत प्रमुख होय. दिएदो जन्माचें वर्ष १२९५ व मृत्यूचें १३२७ देतो. पण इटलींत महामारी आली ती १३४७ सालीं. तेव्हां तिच्या रोग्यांची सेवा करणारा पुरुष त्यापूर्वीं वीस वर्षें निवर्तला होता, हें जुळत नाहीं. म्हणून आजचे अभ्यासक त्यांचा काळ चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत धरतात, आणि आम्हांलाहि तेंच पटतें. सनावळीचा हा घोळ भाविकांनीं मनाला लावून घेण्याचें कारण नाहीं. ज्या काळांत गांवेंच्या गांवें ओस पडलीं, त्या काळांत एका अनाथ यात्रेकरूच्या जन्ममृत्यूची नोंद ठेवावयास कोण बसलें होतें?

वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास मातापिता दोघेंहि गेलीं. रोक यांनीं चीजवस्त गरिबांस वांटली, जहागिरीचा कारभार चुलत्याच्या स्वाधीन केला, आणि यात्रेकरूचा वेष करून ते रोमच्या वाटेस लागले. आपण होऊन बेघर होणें आणि परिस्थितीनें बेघर केलें जाणें, यांत अंतर आहे, तें खरेंच. पण रस्ता दोघांना सारखाच वागवितो. पहिल्या कांहीं मुक्कामांतच कोणाचा मुलगा कोण, हें विचारणारें कोणी उरत नाहीं.

वाटेंत आक्वापेंदेंते नांवाच्या गांवीं महामारीनें थैमान घातलें होतें. तेथील रुग्णालयाच्या प्रमुखानें हा कोवळा तरुण पाहून आंत घेण्यास आढेवेढे घेतले. परंतु रोक यांनीं हट्ट धरला आणि ते रोग्यांची शुश्रूषा करूं लागले. ते रोग्याच्या कपाळावर क्रुसाची खूण करीत आणि पुष्कळजण बरे होत, अशी परंपरा आहे. तेथून चेझेना, तेथून रोम. रोममध्यें त्यांच्या हातून एक कार्डिनल रोगमुक्त झाला असें सांगतात. जेथें सांथ तेथें रोक, असा त्यांचा क्रम कित्येक वर्षें चालला होता. या वर्षांची हकीकत चरित्रकारांनीं चमत्कारांनीं भरून काढली आहे; आम्हीं ती येथें थोडक्यांत आटोपतों, कारण खरी कथा पुढें पियाचेंझा येथें आहे.

पियाचेंझाच्या रुग्णालयांत सेवा करतांना एके रात्रीं त्यांना स्वतःलाच ताप भरला आणि मांडींत गांठ उठली. वेदना इतकी असह्य कीं, त्यांना कण्हणें आवरेना. शेजारच्या रोग्यांची झोपमोड होऊं लागली, तेव्हां ते उठून बाहेर उंबऱ्याशीं जाऊन पडले. सकाळीं रस्त्यानें जाणाऱ्यांनीं पाहिलें आणि गांवाला धास्ती पडली. ज्या माणसानें त्यांच्या आप्तांचें मलमूत्र काढलें, त्यालाच त्यांनीं वेशीबाहेर घालविलें. लोकांना आपण फार दोष देऊं नये. भीतीपुढें कृतज्ञता टिकणें कठीण असतें, आणि २०२० सालच्या टाळेबंदींत आपणहि कोणाच्या तोंडावर दार लावलें, तें ज्याचें त्याला ठाऊक आहे.

काठीच्या आधारानें रोक जवळच्या रानांत पोंचले. डहाळ्यापाल्याची एक झोपडी त्यांनीं कशीबशी उभी केली. तेथें एक झरा फुटला, आणि त्याच्या पाण्यानें ते जखम धुऊं लागले. पाण्याची सोय झाली, पण अन्न कोठून यावें?

त्या रानाजवळ गोत्तार्दो पालास्त्रेल्ली नांवाच्या सरदाराचा वाडा होता. सांथीमुळें तो नगर सोडून तेथें येऊन राहिला होता. त्याच्या पंगतीला शिकारी कुत्रे असत. एके दिवशीं त्यांतल्या एका कुत्र्यानें मेजावरची भाकर उचलली आणि तो पसार झाला. सरदाराला तें खोडीचें वाटलें. दुसऱ्या दिवशीं तोच प्रकार, तिसऱ्या दिवशींहि तोच. कुत्रा भुकेला होता म्हणावें तर त्याचें ताट भरलेलें होतें, आणि पळविलेली भाकर तो खात नव्हता. तोंडांत धरून रानाकडे धांवत होता. शेवटीं गोत्तार्दो त्याच्या मागोमाग गेला. कुत्रा झोपडीपाशीं थांबला, भाकर रोक यांच्या हातापाशीं ठेविली, आणि त्यांच्या मांडीवरची जखम चाटूं लागला.

संत लूक यांच्या शुभवर्तमानांतील लाजरसची गोष्ट येथें कोणाला आठवणार नाहीं? श्रीमंताच्या दारांत फोडांनीं भरलेला भिकारी पडलेला असे, आणि कुत्रे येऊन त्याचे फोड चाटीत. तो श्रीमंत आपल्या दारापर्यंतहि कधीं आला नाहीं. गोत्तार्दो मात्र आपल्या कुत्र्यामागून गेला, आणि दोघांत एवढाच फरक आहे. लाजरसच्या दारींहि कुत्रे होतेच. त्यांच्या मागून पाहणारा धनी नव्हता.

रोक यांनीं सरदाराला दूर राहण्याची विनंति केली, कारण रोग संसर्गाचा होता. गोत्तार्दो परत गेला, पण घरीं त्याला चैन पडेना. कुत्र्याला जें कळलें तें मला कळूं नये, ही टोंचणी त्याला लागली, आणि तो पुन्हां रानांत आला. पुढें त्यानें रोक यांचें शिष्यत्व पत्करलें. आपल्याच नगरींत दारोदार भाकर मागितली, आणि ओळखीच्या लोकांची हेटाळणी सोसली. आम्हांला या भागांत एक बारीक गोष्ट फार मोलाची वाटते. भाकर कोठें जाते हें कळल्यावर गोत्तार्दोनें कुत्र्याला सांखळी घातली नाहीं. कुत्रा त्याचा होता. अधिकारानें त्याला तें करतां आलें असतें. रोग्याला आपण अन्न पोंचवूं, आतां कुत्र्याचें तेथें काम नाहीं, असेंहि त्याला म्हणतां आलें असतें, आणि तें शहाणपणाचेंच दिसलें असतें. पण आपल्यापूर्वीं तेथें कोण पोंचलें होतें, याचा त्याला विसर पडला नाहीं.

दावीद राजाला नाथान संदेष्ट्यानें सांगितलेला दृष्टान्त वाचकांच्या परिचयाचा आहे. एका गरिबापाशीं एकच कोंकरूं होतें. तें त्याच्या ताटांतलें खाई, त्याच्या कुशींत निजे, त्याला लेकीसारखें होतें. श्रीमंताच्या घरीं पाहुणा आला, तेव्हां त्यानें आपल्या कळपाला हात न लावतां गरिबाचें तेवढें कोंकरूं ओढून नेलें. दावीद तें ऐकून संतापला, आणि मग तो दृष्टान्त आपल्यावरच आहे हें त्याला उमगलें. गरिबाच्या कुशींतल्या जनावराची किंमत बाजारभावानें करूं नये, हें पवित्र शास्त्रांत इतकें स्पष्ट इतरत्र क्वचितच सांगितलें असेल. आपल्या हिंदु शेजाऱ्यांच्या महाभारतांतहि धर्मराज स्वर्गाच्या दारापर्यंत पोंचतो, आणि बरोबरच्या कुत्र्याला सोडून आंत जाण्याचें नाकारतो.

रोक हळूहळू बरे झाले, आणि पुढें मायदेशीं निघाले. परत येतांना कोठें पकडले गेले, याविषयीं दोन मतें आहेत. जुनें चरित्र माँपेल्येचेंच नांव घेतें, आणि आजचे कांहीं अभ्यासक इटलींतील व्होगेरा गांवाकडे बोट दाखवितात. युद्धाचे दिवस होते. दाढी वाढलेल्या, जखमांच्या वणांनीं चेहरा ओळखूं न येणाऱ्या या परक्या माणसाला शत्रूचा हेर समजून कैदेंत टाकलें. जुन्या चरित्राप्रमाणें न्याय करणारा अधिकारी त्यांचा चुलताच होता. एका शब्दानें सुटका झाली असती. पण रोक यांनीं आपलें नांव सांगितलें नाहीं. पांच वर्षें ते अंधारकोठडींत राहिले. अंतकाळ जवळ आला तेव्हां त्यांनीं धर्मगुरूस बोलावून घेतलें, पवित्र संस्कार स्वीकारले, आणि १६ ऑगस्ट रोजीं प्राण सोडला. प्रेत पाहण्यास आलेल्या वृद्ध आजीला छातीवरची तांबडी खूण दिसली, आणि आपण कोणाला कोंडून ठेविलें होतें, हें घराण्याला तेव्हां कळलें.

या पांच वर्षांत तो कुत्रा कोठें होता? जुनीं चरित्रें त्याविषयीं एक अक्षरहि बोलत नाहींत. तो गोत्तार्दोच्या वाड्यांत राहिला असावा, असें कथेच्या ओघावरून वाटतें. तरी पण चित्रकारांनीं आणि मूर्तिकारांनीं गेल्या पांचशें वर्षांत रोक यांना एकटें काढण्याचें जवळजवळ नाकारलेंच आहे. मूर्ति लांकडाची असो कीं संगमरवराची, खेड्यांतली असो कीं राजधानींतली, पायाशीं कुत्रा असतोच. फ्रान्सांत तर कधीं न वेगळे होणाऱ्या दोघा सोबत्यांना संत रोक आणि त्यांचा कुत्रा म्हणण्याची रीत आहे. चरित्रकारानें जी जोडी अर्ध्यावर सोडली, ती सामान्य भाविकांनीं पुन्हां जुळविली. आणि आमच्या मतें कथा त्यांनाच अधिक नीट कळली.

संत रोक यांच्या नांवानें व्हेनिस येथें १४७८ सालीं एक बंधुसंघ स्थापन झाला. १४८५ सालीं त्यांचे अवशेष तेथें आणले गेले, आणि संघाच्या भव्य वास्तूंत तिंतोरेत्तो या चित्रकारानें १५६४ पासून पुढें वीसपंचवीस वर्षें चित्रें रंगविलीं. पोर्तुगालच्या मानुएल राजानें सोळाव्या शतकाच्या आरंभीं सांथीच्या भयानें त्यांचा एक अवशेष व्हेनिसहून मागवून घेतला. त्यासाठीं लिस्बन शहराच्या कुसाबाहेर, सांथींत मेलेल्यांच्या दफनभूमीपाशीं एक लहान देऊळ उठलें. तीच जागा १५५३ सालीं येशूसंघाला मिळाली. लिस्बनहून गोव्यास आणि गोव्याहून वसई-साष्टीच्या किनाऱ्यास जीं गलबतें आलीं, त्यांतून ही भक्तीहि आली. जुन्या गोव्यांत रोगट हवेमुळें येशूसंघानें आपलें विद्यालय टेंकडीवर हलविलें, तेव्हां त्यासहि संत रोक यांचें नांव पडलें. वांद्र्यास एका रस्त्याला तें नांव आजहि आहे.

सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग आला. तो प्रथम ओळखला आपल्याच समाजांतील एका गोवेकर डॉक्टरानें, आकासियो व्हिएगस यांनीं. त्यांचा पुतळा मेट्रो चित्रपटगृहासमोर उभा आहे. सांथ लवकरच ठाणें जिल्ह्यांत व पुढें पुण्यास पसरली. घरें रिकामीं करविलीं गेलीं, माणसें छावण्यांतून ठेविलीं गेलीं, आणि मुंबईच्या ख्रिस्ती गांवठाणांत ठिकठिकाणीं सांथीचे क्रूस उभारले गेले. त्यांतील कित्येकांवर तीं सालें अजून वाचतां येतात. पुण्यास सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करतां करतां त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं वारल्या. संत रोक यांच्या चरित्राची खूण आपल्या भूमींत शोधावयाची असेल, तर ती आम्हांस त्या माउलीच्या ठिकाणीं दिसते.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. भिवंडी ही मागांची व गोदामांची नगरी. येथील पुष्कळांचें घर दुसरीकडे आहे, आणि कित्येकांचें कोठेंच नाहीं. मार्च २०२० मध्यें माग थांबले, तेव्हां मजूर पायीं नाशिकच्या रस्त्याला लागलेले आपण पाहिले. मेच्या आरंभीं भिवंडी रोड स्थानकावरून गोरखपूरकडे गाडी सुटली. त्याच वर्षीं सप्टेंबरांत एक इमारत पहांटे कोसळून तीसहून अधिक जीव गेले, आणि वांचलेलीं कुटुंबें एका रात्रींत उघड्यावर आलीं. पुलाखालीं, दुकानांच्या फळ्यांवर, बंद गोदामाच्या आडोशाला निजणारीं माणसें आपण रोज ओलांडून जातों. त्यांच्यापैकीं एखाद्याच्या पांघरुणाचें एक टोंक कुत्र्याच्या अंगावर असतें, हेंहि आपण पाहिलें आहे. पालिकेच्या दृष्टीनें तो कुत्रा भटका. पण ज्याच्या उशाशीं तो निजतो, त्याला विचारल्यास तो त्याचें नांव सांगेल.

सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं मोठ्या शहरांतून लाख वस्तीमागें एक रात्रनिवारा असावा, असें ठरवून दिलें. तें योग्यच झालें. निवाऱ्यांत खाट असते, पंखा असतो; पण दारांतला पहिला प्रश्न कुत्र्याविषयींचा निघाला, तर माणूस मागें फिरतो आणि त्याला आपण हेकट म्हणतों. रस्त्यावरील कुत्र्यांविषयीं केंद्र सरकारचे २०२३ चे नियम असें सांगतात कीं, शस्त्रक्रिया व लस झाल्यावर कुत्र्याला जेथून नेलें तेथेंच परत सोडावें. हाहि नियम दयेचा आहे. पण एक दयाळू माणसाला तेथून उचलून दुसरीकडे नेतो, आणि दुसरा दयाळू कुत्र्याला तेथेंच आणून सोडतो. दोघांच्या दयेमुळें ताटातूट मात्र होते.

असें होऊं नये म्हणून जगांत प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेंत न्यू ऑर्लिन्स शहर २००५ सालीं महापुरांत बुडालें, तेव्हां बचाव करणाऱ्यांनीं जनावरें नेण्यास नकार दिला, आणि कित्येकजण त्यांना सोडून नावेंत चढलेच नाहींत. त्यावरून पुढील वर्षीं तेथें कायदा झाला कीं, आपत्तीच्या योजनेंत पाळीव प्राण्यांचीहि सोय धरावी. लंडनमध्यें २०१६ पासून स्ट्रीटव्हेट नांवाच्या संस्थेचे पशुवैद्य रस्त्यावरच जाऊन बेघरांच्या कुत्र्यांना मोफत औषध देतात. आणि इतकें दूर जावयास नको. साताऱ्याच्या माण तालुक्यांत दुष्काळाच्या वर्षीं म्हसवडला जनावरांची छावणी पडली, तेव्हां माणसेंहि घरदार सोडून आपल्या गाईबैलांपाशीं पालांत येऊन राहिलीं. चारा आणि पाणी जनावरासाठीं होतें. पण त्यामुळें कुटुंबें तगलीं. सन २०१९ च्या पुरांत कोल्हापूर-सांगलीकडे गोठा सोडून नावेंत बसण्यास तयार नसलेल्या शेतकऱ्यांच्या कथा आपण वाचल्या आहेत. महाराष्ट्राच्या माणसाला ही गोष्ट शिकवावी लागत नाहीं. गाईच्या बाबतींत ती त्याला पटते, कुत्र्याच्या बाबतींत तो थोडा अडखळतो, एवढेंच.

हिंवाळ्यांत आपल्या धर्मग्रामांतून घोंगड्या वांटावयास जे जातील, त्यांनीं बरोबर एक वाडगा आणि थोडी शिळी भाकर न्यावी, ही आमची साधी विनंति आहे. कुत्र्याला रेबीजची लस टोंचवून घेण्यास मदत केली, तर माणूस व वस्ती दोन्ही निर्धास्त होतात. कोणाला निवाऱ्यांत नेण्याची वेळ आली, तर आधीं त्या कुत्र्याला बांधावयास ओसरी कोठें मिळेल, याची चौकशी करावी. मग माणसाला बोलवावें. क्रम उलटा वाटेल, पण गोत्तार्दोलाहि आधीं कुत्राच दिसला होता.

संत रोक यांचा सण १६ ऑगस्टला, म्हणजे ऐन पावसाळ्यांत येतो. युरोपांत व दक्षिण अमेरिकेंत कित्येक गांवीं त्या दिवशीं लहान लहान भाकऱ्यांवर आशीर्वाद मागतात आणि लोक आपापलीं कुत्रीं घेऊन येतात. बोलिव्हियांत त्यांच्या गळ्यांत रंगीत फिती बांधतात. रस्त्यावरचीं कुत्रींहि त्या गर्दींत मिसळतात, आणि भाकर वांटणारा कोणाचें कुत्रें कोणतें, हें विचारीत बसत नाहीं.